विषाणू गेला, पायांची आग राहिली: एक प्रकरण अभ्यास

तपासणीच्या टेबलावर बसताना काकूंनी चपला काढल्या आणि माझं लक्ष त्यांच्या डाव्या टाचेकडे गेलं. टाचेच्या कडेला शिवणकामातली एक टाचणी रुतलेली होती. गोल पांढरं डोकं तेवढं बाहेर, भोवती वाळलेलं रक्त. "काकू, ही कधी टोचली?" मी विचारलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि माझ्याइतक्याच त्याही दचकल्या. "अगं बाई! मला तर काहीच कळलं नाही." सकाळी अनवाणी पायाने मशीनवर बसल्या होत्या, तेव्हाच ती घुसली असणार. म्हणजे तीन-चार तास त्या तशाच वावरत होत्या, चपला घालून जिने चढून माझ्याकडे आल्या होत्या.

आणि त्या आल्या होत्या पायांची आग होते म्हणून. दिवसा ज्या तळव्यांना टाचणी कळत नव्हती, तेच तळवे रात्री डोळ्याला डोळा लागू देत नव्हते. हे ऐकायला विसंगत वाटतं, पण नसांच्या आजारात असंच होतं. मेलेले तंतू काही कळवत नाहीत, म्हणून बधिरपणा. अर्धवट जखमी झालेले तंतू कारण नसताना संदेश पाठवत राहतात, म्हणून आग, मुंग्या आणि टोचणी. दोन्ही त्रास एकाच पायात, एकाच वेळी असू शकतात.

काकूंची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. आजाराचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण सांगण्यासारखं जे आहे ते त्या क्रमातच आहे.

आधी काय घडलं होतं

काकूंचं वय ५८. लग्नाआधीपासून शिवणकाम करतात. १९८७ साली दुसऱ्या बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला आणि त्यांना तीन बाटल्या रक्त द्यावं लागलं. हिपॅटायटिस सीचा विषाणू ओळखला गेला तो १९८९ मध्ये. त्याआधी रक्तात तो शोधायची सोयच नव्हती. पुढची पस्तीसेक वर्षं विषाणू त्यांच्या यकृतात मुक्काम करून राहिला. कावीळ नाही, पोटदुखी नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तेव्हा अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली, मग व्हायरल लोडही, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, भरपूर निघाला. फायब्रोस्कॅनमध्ये, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते मोजणाऱ्या तपासणीत, यकृतावर मध्यम प्रमाणात व्रण दिसले, सिरॉसिस नव्हता.

त्यांना सोफोसब्युविर आणि व्हेल्पाटासविर एकत्र असलेली गोळी मिळाली, रोज एक, १२ आठवडे. गोळ्या संपल्यावर आणखी १२ आठवडे थांबून व्हायरल लोड केला. अहवाल आला: विषाणू आढळला नाही. या आजारात बरं होणं म्हणतात ते हेच. इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या शब्दांची किंमत कळते. तेव्हा ४८ आठवडे ताप, अंगदुखी आणि खिन्नता सोसूनही कित्येकांच्या रक्तात विषाणू तसाच राहायचा. आता ९५ टक्क्यांहून अधिक लोक काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बरे होतात. काकूंच्या घरात त्या दिवशी सगळ्यांना हायसं वाटलं. फाइल बंद झाली.

पण पायांची आग या उपचारांच्या चार वर्षं आधीपासून होती, आणि त्या फाइलमध्ये तिचा एका ओळीचाही उल्लेख नव्हता. त्या काळात नडग्यांवर लाल बारीक ठिपके उठायचे आणि आठवडाभरात तपकिरी डाग होऊन राहायचे. उष्णतेचे असतील म्हणून सोडून दिले गेले. घोटे दुखायचे, ते वयाच्या खाती टाकले. दुपारनंतर गळून गेल्यासारखं व्हायचं, ते कामाच्या खाती. ठिपके, सांधेदुखी आणि गळाठा ही तिन्ही एकत्र दिसली तर हिपॅटायटिस सीच्या रुग्णात एका विशिष्ट दुखण्याची आठवण व्हायलाच हवी. ती कुणालाच झाली नाही.

उपचारांनंतर गळाठा गेला, ठिपके थांबले. आग राहिली. सात-आठ महिन्यांनी नवीनच सुरू झालं: हाताच्या बोटांच्या टोकांना मुंग्या. सुईत दोरा ओवता येईना. "डोळे मिटून कापड हातात दिलं तरी मलमल की पॉपलीन ते सांगायचे मी," त्या म्हणाल्या, "आता सगळं एकसारखंच लागतं." डाव्या पायातली चप्पल चालता चालता निसटायची आणि दोन पावलं पुढे गेल्यावर लक्षात यायचं. घरचे प्रेमाने पण ठामपणे सांगत होते, "रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग मनातून काढून टाक." हे वाक्य मी इतक्या रुग्णांच्या तोंडून ऐकलं आहे की आता ऐकवत नाही. रिपोर्ट विषाणूचा नॉर्मल होता. पायांचा रिपोर्ट कुणी काढलाच नव्हता.

विषाणू परत आलाय का?

काकूंची खरी भीती ही होती. मधे एका आरोग्य तपासणीत हिपॅटायटिस सीची अँटीबॉडी पुन्हा पॉझिटिव्ह आली आणि त्यांचा धीरच सुटला. बरं झाल्यावरही ही अँटीबॉडी रक्तात राहते, बहुधा जन्मभर. शरीराला झालेल्या लढाईची ती आठवण असते, विषाणू असल्याचा पुरावा नव्हे. हे उपचार संपतानाच सांगायला हवं, म्हणजे पुढचा घोर टळतो. विषाणू आहे की नाही ते फक्त व्हायरल लोडवरून कळतं, आणि तो आतापर्यंत तीनदा 'आढळला नाही' असाच आला होता. मीही चौथ्यांदा पाठवला. उत्तर तेच. एचआयव्ही पेशींच्या केंद्रकात दडून बसतो, हा विषाणू तसा बसत नाही, म्हणून गेला की गेला. नव्याने लागण झाली तरच परत येतो.

चौथी तपासणी गरजेची होती का? आज वाटतं, नव्हती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होती. सगळ्यांच्या नजरा यकृताकडे लागल्या होत्या आणि जळत होते पाय.

पाय काय सांगत होते

टाचणी काढली, जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि मग सावकाश तपासायला घेतलं. टोचणीची जाणीव दोन्ही पायांत नडगीच्या मध्यापर्यंत कमी होती. अंगठ्याच्या हाडावर ट्यूनिंग फोर्क ठेवला तर थरथर कळत नव्हती, घोट्यावर अंधुक कळत होती. घोट्यांचे रिफ्लेक्स नव्हते. डोळे मिटून उभ्या राहिल्या की डुलायच्या. दोन्ही हातांच्या बोटांची टोकं बोथट. आणि डावं पाऊल वर उचलताना उजव्यापेक्षा कमजोर, थोडंसंच, पण नक्की. नडग्यांवर जुने तपकिरी डाग अजून होते.

नर्व्ह कंडक्शनची तपासणी केली. संदेशाचा वेग जवळजवळ नीट होता, पण संदेश क्षीण होता. म्हणजे वरचं वेष्टण नव्हे, आतले तंतूच कमी झाले होते. डाव्या पायाच्या बाहेरच्या बाजूची नस इतरांपेक्षा जास्त खराब होती. नेहमीची कारणं एकेक करून तपासली. साखरेची तीन महिन्यांची सरासरी ५.५ टक्के, थायरॉइड ठीक, मूत्रपिंडं ठीक, लघवीत रक्त किंवा प्रथिनं नाहीत, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी निगेटिव्ह, दारू कधीच नाही. बी १२ तर गरजेपेक्षा जास्तच, कारण त्या गोळ्या घेत होत्या.

इथे मी पहिल्यांदा म्हणाले, "घरी ज्या ज्या गोळ्या आहेत त्या सगळ्या पुढच्या वेळी पिशवीत घालून आणा." हे पहिल्याच भेटीत सांगायला हवं होतं.

पिशवीतून दोन वेगवेगळ्या नावांच्या 'नसांच्या गोळ्या' निघाल्या, दोन ठिकाणांहून लिहून दिलेल्या. एक सकाळ-संध्याकाळ, दुसरी रात्री. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचली तर दोन्हींत बी ६, म्हणजे पायरिडॉक्सिन, प्रत्येकी १०० मिलिग्रॅम. दिवसाचे ३०० मिलिग्रॅम, गेले दहा महिने. शरीराची रोजची गरज दीड-दोन मिलिग्रॅमची. बी ६ कमी पडलं तरी नसा बिघडतात आणि महिनोन्‌महिने जास्त झालं तरी बिघडतात. बिघाडाचं रूप तेच: मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं. हाताच्या मुंग्या कधी सुरू झाल्या ते काकूंनी बोटांवर मोजून सांगितलं. दुसरी गोळी सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांनी.

दोन्ही गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या. बंद केल्यावरही काही आठवडे त्रास वाढू शकतो, घाबरून पुन्हा सुरू करू नका, असं बजावलं. तसंच झालं, आणि बजावलेलं असल्यामुळे त्या तग धरून राहिल्या.

मोह झाला होता की सगळं खापर बी ६ वर फोडावं आणि प्रकरण मिटवावं. पण दोन गोष्टी बसत नव्हत्या. पायांची आग या गोळ्यांच्या कितीतरी आधीची होती. आणि बी ६ फक्त जाणिवेच्या नसांवर घाला घालतं, ताकद काढून घेत नाही. डावं पाऊल कमजोर होतं, आणि तेही एकाच बाजूचं. अशी एकांगी कमजोरी दिसली की नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांचा विचार करावा लागतो.

थंडीत गोठणारी प्रथिनं

हिपॅटायटिस सी यकृताचा आजार म्हणून ओळखला जातो, पण त्याचा दुसरा उद्योग रक्तात चालतो. वर्षानुवर्षं विषाणू समोर असला की अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशींना सतत चेतवलं जातं. त्यांतल्या काही पेशींची एक फळी तयार होते आणि ती सदोष अँटीबॉडी बनवू लागते. ही अँटीबॉडी शरीराच्याच दुसऱ्या अँटीबॉडींना चिकटते. त्यातून बनणाऱ्या गुंत्यांना क्रायोग्लोब्युलिन म्हणतात, कारण शरीराच्या तापमानाखाली गेलं की ते गोठतात. हिपॅटायटिस सीच्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात शोधले तर ते सापडतात. त्रास थोड्यांनाच होतो. ज्यांना होतो त्यांच्या बारीक रक्तवाहिन्यांना सूज येते: त्वचेत आली तर लाल ठिपके, मूत्रपिंडात आली तर लघवीतून प्रथिनं, आणि नसेच्या आत जाणाऱ्या केसाएवढ्या वाहिन्यांत आली तर नसेचा रक्तपुरवठा तुटतो आणि तंतू मरतात. सगळ्यात लांब तंतू तळव्यांचे, म्हणून सुरुवात तिथून.

आता विषाणू गेला. चेतवणारा गेला, पण बी पेशींची ती फळी लगेच मोडत नाही. काहींत महिन्यांत मोडते, काहींत वर्षं लागतात, काहींत उरतेच. म्हणून विषाणू शून्य असतानाही क्रायोग्लोब्युलिन रक्तात राहू शकतात.

काकूंच्या रक्तात ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर, म्हणजे इतर अँटीबॉडींना चिकटणारी अँटीबॉडी, वाढलेला होता आणि सी ४ नावाचं प्रथिन फारच कमी होतं. दोन्ही खुणा या दुखण्याकडे बोट दाखवणाऱ्या. पण क्रायोग्लोब्युलिनची तपासणी निगेटिव्ह आली.

मी तो अहवाल दोन दिवस खरा धरला. मग चौकशी केली तर कळलं, नमुना इतर नळ्यांबरोबर बर्फाच्या डब्यातून गेला होता. ही प्रथिनं थंडीत गोठतात. नळी वाटेतच गार झाली, ती रक्ताच्या गाठीबरोबर खाली बसली, वरचं पाणी तपासलं गेलं, आणि जे शोधायचं होतं तेच टाकून दिलं गेलं. चूक कुणा एकाची नव्हती. मीही मागणीच्या कागदावर चाचणीचं नाव लिहून मोकळी झाले होते, नमुना कसा न्यायचा ते लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी रिकामी नळी आणि सिरिंज आधी कोमट करून घेतली. रक्त काढल्याबरोबर नळी ३७ अंशांच्या पाण्याच्या थर्मासमध्ये ठेवली आणि मी स्वतः ती घेऊन गेले. रक्त गोठेपर्यंत उबेत ठेवलं, वरचं पिवळसर सीरम वेगळं केलं, आणि मग ते ४ अंशांच्या फ्रिजमध्ये. पहिल्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी तळाशी पांढरा साका बसला होता, पिठूळ, बोटाच्या पेराच्या चौथाईएवढा. नळी पुन्हा कोमट पाण्यात धरली तर तो विरघळून सीरम स्वच्छ झालं. पुढच्या तपासणीत तो मिश्र प्रकारचा निघाला, हिपॅटायटिस सीमध्ये दिसतो तोच.

काकूंना नळी दाखवली. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्या मनात नव्हतं ना हे?" मुलगी शेजारी बसली होती. तिने आईचा हात धरला.

घाई करायची की थांबायचं

बी पेशी कमी करणारं रिटक्सिमॅब हे औषध अशा वेळी वापरतात. पाऊल वेगाने लुळं पडत असेल, मूत्रपिंडाला झळ लागली असेल किंवा पायावर जखमा होत असतील तर वाट पाहू नये. पण त्याने प्रतिकारशक्ती उतरते. मुख्य प्रश्न असा होता: नसांवर घाव अजून पडतो आहे, की आपण जुन्या घावाचे वळ बघतो आहोत? पहिल्यात औषध हवं, दुसऱ्यात त्याचा उपयोग नाही.

याचं उत्तर एका क्षणात मिळण्यासारखं होतं, जर हिपॅटायटिसचे उपचार सुरू करताना कुणी पाय तपासून दोन ओळी लिहून ठेवल्या असत्या. तुलनेला काहीच नव्हतं. याचं मला अजून वाईट वाटतं. ट्यूनिंग फोर्क, टाचणी आणि रिफ्लेक्सचा हातोडा, पाच मिनिटांचं काम आहे. हिपॅटायटिस सीच्या प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत गोळ्यांची पहिली बाटली हातात देण्याआधी ते व्हायला हवं.

तुलनेला काही नसल्याने आम्हीच पहिली नोंद केली आणि तीन महिने डोळ्यांत तेल घालून पाहिलं. रक्तविकारतज्ज्ञांनी मानेतल्या आणि काखेतल्या गाठी, पाणथरी (प्लीहा) आणि रक्तातल्या इतर खुणा तपासल्या, कारण चेतवलेल्या बी पेशींतून क्वचित लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कर्करोग, होतो. काही निघालं नाही. दर महिन्याला पावलाची ताकद मोजली. तीन महिन्यांनी नर्व्ह कंडक्शन पुन्हा केलं. डावं पाऊल तसंच, नसाही तशाच. सी ४ किंचित वर सरकलं होतं, नवे ठिपके नव्हते. रिटक्सिमॅब द्यायचं नाही असं ठरलं. वेगळा रुग्ण असता तर वेगळं ठरलं असतं.

रात्र आणि दिवस

आग कमी करण्यासाठी रात्री प्रेगाबालिन ७५ मिलिग्रॅम सुरू केलं. झोप लागायला लागली. डोस दिवसातून दोनदा केला तर चक्कर येऊ लागली, आणि बधिर पायांच्या माणसाला चक्कर म्हणजे पडण्याला आमंत्रण. म्हणून परत रात्रीच, आणि जोडीला ॲमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम. ड्युलॉक्सेटिन यकृतावरच्या जुन्या व्रणांमुळे टाळलं. या गोळ्या आग शमवतात, बधिरपणा जात नाही, हे आधीच स्पष्ट सांगितलं.

बधिरपणासाठी डोळ्यांना पायांचं काम शिकवावं लागतं. काकूंनी ते ज्या निगुतीने केलं, तसं मी फार थोड्यांना करताना पाहिलं आहे. मशीनवर बसताना पातळ पण घट्ट तळाचे बूट. पायडल पायाला कळत नव्हतं, तर त्या चाकाच्या आवाजावरून वेग ओळखायला शिकल्या. काम संपलं की मोठं लोहचुंबक जमिनीवरून फिरवायचं आणि गोळा झालेल्या टाचण्या डबीत मोजून ठेवायच्या. रात्री झोपताना आरशात तळवे बघायचे. अंघोळीचं पाणी पायाने नव्हे, कोपराने अजमावायचं. रात्री उठण्याच्या वाटेवर दिवा. भिंतीजवळ उभं राहून एका पायावर तोल सांभाळण्याचा व्यायाम, घोटा उचलण्याचा व्यायाम, आणि डाव्या घोट्याला चालताना हलका पट्टा.

दीड वर्षानंतर

हातांच्या मुंग्या पाच-सहा महिन्यांत गेल्या. त्यांनी पिशवीतून दोन कापडांचे तुकडे काढले, डोळे मिटले आणि मला दोन्ही ओळखून दाखवले.

पायांची आग दहापैकी आठ म्हणायच्या, आता चार म्हणतात. काही रात्री अजून वाईट जातात. टोचणीची जाणीव नडगीच्या मध्यापासून खाली सरकून घोट्याच्या चार बोटं वर आली आहे. तुटलेला तंतू वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर, आणि तेही मूळ पेशी शाबूत असेल तर. घोट्यापासून बोटांपर्यंतचा पल्ला अजून बाकी आहे, आणि तो पुरा होईलच असं मी त्यांना सांगितलेलं नाही. थरथर अंगठ्यावर अजून कळत नाही. चप्पल निसटणं थांबलं आहे. क्रायोग्लोब्युलिनचा साका आता नळीच्या तळाला नखभर धूसर रेघ एवढाच उरला आहे.

पुढची भेट सहा महिन्यांनी. पावलांची ताकद, लघवी, सी ४, मानेतल्या गाठी. व्हायरल लोड नाही. कागदावर शेवटची ओळ काकूंनी स्वतःच्या हाताने लिहून घेतली आहे: "नळी कोमट पाण्यातच न्यावी."